‘सेवेमुळे झाला’ की ‘सेवेत बळावला’? अपील लिहिण्याआधी हा फरक बघा

डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाल्याचं पत्र घेऊन माजी सैनिक येतात, तेव्हा मी आधी रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे सेवेतून बाहेर पडताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचे, कागद मागतो. त्यात आजाराच्या नावापुढे दोन रकाने असतात: ‘ॲट्रिब्युटेबल’ आणि ‘ॲग्रव्हेटेड’. दोन्हींत ‘नाही’ पडलं की केस ‘नाना’ (ना हे, ना ते) झाली म्हणतात. आणि अपील मात्र बहुतेक जण पहिल्याच रकान्यावर लिहितात. दुसऱ्याबद्दल अवाक्षर नसतं.

पहिला रकाना विचारतो, आजार किंवा इजा सेवेमुळे झाली का? परेडमध्ये गुडघा गेला तर उत्तर सोपं असतं. खरा वाद आजारांवर होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या धरमवीर सिंग निकालाचा आधार इथे घ्यायचा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे झाल्याचं धरायचं, नाही म्हणायचं तर ते सरकारने सिद्ध करायचं, आणि बोर्डाने कारणं द्यायची, असं तो निकाल सांगतो. तुमच्या कागदावर कारणाच्या जागी ‘पीस स्टेशनला सुरुवात’ (म्हणजे आजार शांत भागातल्या पोस्टिंगवर सुरू झाला) एवढीच ओळ असेल, तर ती अपिलात जशीच्या तशी उतरवा आणि विचारा, हे कारण कसं होतं?

दुसरा रकाना वेगळं विचारतो. आजार घराण्यात असेल, कुठेही सुरू झालेला असेल, पण नोकरीने तो वाढवला का? इथे भरतीचा कागद कामाचा नाही, मधली वर्षं कामाची.

एका सुभेदारांचा बीपी पुण्यात निघाला होता. पुढे जम्मूतल्या राजौरीला फील्ड पोस्टिंग, म्हणजे सीमेकडची खडतर नेमणूक, रात्रीच्या ड्यूट्या. आधीच्या रीकॅटेगरी बोर्डात (सेवेत असताना मेडिकल कॅटेगरी पुन्हा ठरवणारी तपासणी) बीपीची एक गोळी, राजौरीनंतरच्या बोर्डात तीन. हे दोन कागद त्यांच्याच पिशवीत होते, पण पहिल्या अपिलात लागलेच नव्हते. ‘भरतीला मी ठणठणीत होतो’ एवढंच लिहिलं होतं. मला फार वाईट वाटलं.

पेन्शनच्या रकमेत या दोन रकान्यांनी फरक पडत नाही. सैन्याच्या 1961 च्या पेन्शन नियमावलीतल्या कलम 173 मध्ये दोन्हींच्या मधे ‘किंवा’ आहे. एक सिद्ध झालं आणि अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असलं की पुरे. म्हणून दोन्ही मुद्दे एकाच अपिलात, वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडा. 21 सप्टेंबर 2023 पासून सेवेतून बाहेर पडलेल्यांना मात्र त्या वर्षीचे नवे पात्रता नियम लागतात, ते आधी वाचून घ्या.

पहिलं अपील नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत करायचं, मग दुसरं अपील, आणि तिथेही नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याला त्याचं मुंबई खंडपीठ. बोर्डाची प्रत हाताशी नसेल तर आजच तुमच्या सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, आणि जुन्या प्रत्येक रीकॅटेगरी बोर्डाची प्रतही त्यातच मागा.