पार्श्वभूमी : खोक्यावरचं ‘ओआरएस’

पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात औषधाच्या दुकानात दिवसभर एकच मागणी असते, "भाऊ, ओआरएस द्या." २०२५ पर्यंत भाऊ फ्रिज उघडायचा आणि नावातच ‘ओआरएस’ असलेला गार खोका हातात ठेवायचा, सफरचंदाच्या नाहीतर संत्र्याच्या चवीचा, मागे स्ट्रॉ चिकटवलेला. हे पेय. औषध नाही.

खरं ओआरएस म्हणजे जुलाबात अंगातून गेलेलं पाणी भरून काढणारी क्षार-साखरेची पुडी. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लोक वाचवले गेले. पुढे प्रमाण सुधारत गेलं. २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. त्याच्यासोबत सोडियम आतड्यातून आत ओढलं जातं, मागोमाग पाणी. साखर फार वाढवली तर उलटंच होतं : पाणी आतड्यात ओढलं जातं आणि हगवण वाढते. खोक्यातल्या कित्येक पेयांत साखर या प्रमाणाच्या कित्येक पट होती.

लेबलवर खोटं छापू नये हे १९५४ च्या भेसळ कायद्यातही होतं, २००६ च्या कायद्यातही आहे. पण इथे ‘ओआरएस’ हा दावा म्हणून छापलेलाच नव्हता. ती अक्षरं ब्रँडच्या नावात, म्हणजे ट्रेडमार्कमध्ये बसवलेली होती. पुडी औषधाच्या कायद्याखाली, खोका अन्नाच्या परवान्यावर, आणि दोन्ही एकाच दुकानात.

हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी कित्येक वर्षं याचा पाठपुरावा केला. एप्रिल २०२२ मध्ये देशाच्या अन्न नियामकाने (एफएसएसएआय) या अक्षरांना मनाई केली. तीनच महिन्यांत, जुलैमध्ये, तोच नियामक नरमला. नाव ठेवा, पण सोबत ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नव्हे’ असं छापा, एवढीच अट. फेब्रुवारी २०२४ मध्ये हीच सवलत पुन्हा सांगितली गेली. एकाच खोक्यावर एकीकडे ओआरएस आणि दुसरीकडे ओआरएस नव्हे! ही ओळ इंग्रजीत. लेकराला जुलाब लागलेत म्हणून दुपट्टा गुंडाळून भर उन्हात धावत आलेली बाई ती केव्हा वाचणार होती? तरीही नियामकाच्या लेखी ग्राहकाला माहिती दिलेली होती. खोटी जाहिरात निदान पकडता येते; इथे फसवणुकीला रीतसर परवानगी मिळाली होती, असंच म्हणावं लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला ती सवलत काढून घेतली. नावात, आगेमागे काही जोडून किंवा ट्रेडमार्क म्हणूनही ओआरएस चालणार नाही, असा आदेश निघाला. कंपन्या कोर्टात गेल्या, तयार माल पडून आहे म्हणाल्या. मग दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीतून असा माल काढायला राज्यांना सांगण्यात आलं.

पुडी तेव्हाही काउंटरच्या खालच्या खणात होती. ती मागायची तर ‘पुडीवालं, पाण्यात घोळायचं’ असं फोड करून सांगावं लागायचं.