जेवणाचे टेबल आणि तरफेचा हिशेब

लहान शिडाच्या नौकेत केबिनच्या मधोमध पक्के बसवलेले टेबल दिवसातून थोडाच वेळ उपयोगी पडते आणि उरलेला सगळा वेळ वाट अडवून राहते. साहजिकच ते कापून लहान करावे किंवा भिंतीला घडी घालून लावावे, असे नौकामालकाच्या मनात येते. मात्र नौका वाऱ्याने २० अंश कलली की माणसाच्या वजनाचा सुमारे ३४ टक्के भाग तळफळ्यांना समांतर ओढू लागतो आणि तोल जाणारा माणूस हाताला लागेल ते धरतो; बहुधा ते टेबलच असते. म्हणून जागा वाचवणाऱ्या प्रत्येक बदलात टेबलाचे हे दुसरे काम लक्षात घ्यावे लागते.

टेबल ७० सेंटिमीटर उंचीच्या एकाच खांबावर उभे आहे आणि त्याच्या बैठकीच्या बोल्टांच्या दोन रांगांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर आहे, असे समजा. वरच्या कडेवर ५० किलो वजनाइतका आडवा जोर पडला, तर खांब तरफेसारखा वागतो आणि ओढ सोसणाऱ्या रांगेवर सुमारे २३३ किलो वजनाइतका ताण येतो. तळफळीत नुसते पिळलेले स्क्रू अशा धक्क्यांनी हळूहळू उपसून येतात. बैठक रुंद करून हे अंतर ३० सेंटिमीटर केले, तर ताण निम्मा होतो. फळीखाली धातूची जाड पट्टी घातली, तर तो मोठ्या क्षेत्रावर पसरतो. डोलकाठीचा भार तळाकडे नेणारा खांब केबिनमधून जात असेल, तर त्याचा आधार घेणे याहून उत्तम, कारण तो वर आणि खाली दोन्हीकडे पक्का असतो.

भिंतीला मिटणारे टेबल सर्वाधिक जागा मोकळी करते, पण आधारही काढून घेते. तेव्हा छताला पकडदांडा लावणे भाग पडते. मधला अरुंद भाग स्थिर ठेवून दोन्ही बाजूंच्या फळ्या बिजागरीवर खाली सोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. (नौका कलली तरी समतल राहणारे झुलते टेबल मोहक असते खरे, पण त्याला झुलायलाच जागा लागते.)

फळी हलकी करताना गणित फसवे असते. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे १८ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर प्लायवुड घेतले, तर वजन एक तृतीयांशाने घटते, पण ताठपणा जेमतेम ३० टक्के उरतो. याउलट ३ मिलिमीटरच्या दोन प्लायवुडांमध्ये १२ मिलिमीटरचा कडक फोम चिकटवल्यास एक तृतीयांश लाकडात मूळच्या जवळपास ७० टक्के ताठपणा मिळतो. फोममध्ये स्क्रू धरत नाहीत, म्हणून बिजागऱ्यांच्या जागी आधीच कठीण लाकडाचे तुकडे बसवावेत. खांब ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतील, तर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजते. ते टाळण्यासाठी दोहोंमध्ये नायलॉनचे वॉशर आणि बोल्टभोवती नायलॉनची बाही (नळी) घालावी.