धनुष्याची ऑर्डर देण्यापूर्वी: पाऊंड, ड्रॉ लेंथ आणि किंमत

‘चाळीस पाऊंडांचे बांबूचे धनुष्य केवढ्याला?’ असे बहुतेक ग्राहक विचारतात. पाऊंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. किंमत लगेच सांगता येते: दोन दोऱ्यांसह 4,500 रुपये, मग धनुष्य 20 पाऊंडांचे असो वा 40 पाऊंडांचे, कारण मेहनत तेवढीच लागते. ऑर्डर मात्र केवळ पाऊंडांवर घेता येत नाही.

पाऊंड साधारणपणे 28 इंच ड्रॉ लेंथवर, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर धनुष्यापासून दोरीपर्यंत होणाऱ्या अंतरावर, मोजले जातात. ज्याची ड्रॉ लेंथ 26 इंच आहे, त्याच्या हातात 40 पाऊंडांचे धनुष्य जेमतेम 36 पाऊंडांचे भरते. उलट 28 इंचांसाठी घडवलेले धनुष्य उंच खेळाडूने 30 इंचांपर्यंत ओढले, तर ते मोडण्याची भीती असते, आणि असे मोडलेले धनुष्य आम्ही बदलून देत नाही. म्हणून दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे व अडीचने भागावे. अंतर 65 इंच आले, तर ड्रॉ लेंथ 26 इंच. मोजमाप दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे. स्वतः घेतलेले माप हमखास चुकते.

‘मुलगा वाढता आहे, थोडे जडच द्या,’ असा पालकांचा आग्रह असतो, विशेषतः इंडियन राउंड या बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धाप्रकारात 50 मीटरवर बाण खाली पडू लागला की. जड धनुष्याने मुलाचा खांदा वर चढतो, बाण घाईने सुटतो आणि नेम बिघडतो. धनुष्य आतून खरवडून हलके करता येते, पण हलके झालेले पुन्हा जड करता येत नाही. चुकीच्या मापामुळे नवे धनुष्य घडवावे लागले, की मागच्या सगळ्या ऑर्डरी रखडतात.

बांबू स्वस्त मिळतो, हे खरे आहे. परंतु आम्ही तीन वर्षांहून जुना, पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबूच घेतो, तो सावलीत वाळवतो आणि धनुष्याचे वरचा व खालचा असे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत कानशीने घासतो. या घासणीत एखाद्या पेरापाशी तडा गेला, तर ते धनुष्य विकत नाही. त्याचा खर्च चांगल्या धनुष्यांवर पडतो, हे आम्ही लपवत नाही.

निम्मी रक्कम आगाऊ घेतली जाते. कार्यशाळेत निरनिराळ्या पाऊंडांची धनुष्ये ओढून पाहण्यासाठी ठेवली आहेत. खेळाडूला सोबत आणावे. बाण न लावता रिकामी दोरी ओढून सोडू नये. तसे करून मोडलेल्या धनुष्याचीही भरपाई मिळणार नाही.