शर्कराशोषण, आंत्रीय
अन्नातील शर्करा लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरण्याची क्रिया आणि तिच्या अनुषंगाने रक्तशर्करा, भूक व शरीराचे वजन यांवर आतड्याकडून होणारे नियंत्रण. शोषण मुख्यतः ग्रहणी (लहान आतड्याचा जठराला जोडलेला भाग) व मध्यांत्र (त्यापुढील मधला भाग) येथे होते. शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे शेषांत्रापर्यंत, एरवी थोडीच शर्करा पोहोचते. शोषक अस्तराचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे जुन्या पाठ्यपुस्तकांत आढळते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश मोजमापानुसार ते सुमारे 30 चौ. मी. भरते व हा आकडा अधिक विश्वसनीय मानावा लागेल.

स्टार्च व साखर यांचे अखेरचे विघटन रसांकुरांवरील (अस्तरावरील बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांवरील) पेशींच्या पृष्ठभागावरच माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज इ. एंझाइमांमुळे होते. त्यातून सुटलेले ग्लुकोज व गॅलॅक्टोज हे एसजीएलटी-1 या वाहक प्रथिनातून पेशीत जातात. या वाहकातून ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत येतात. पेशीच्या तळाकडील पंप सोडियम सतत बाहेर टाकत असल्याने हा ओघ चालू राहतो. फ्रुक्टोजचा वाहक (ग्लुट-5) निराळा असून त्याला सोडियम लागत नाही. पेशीतून रक्ताकडे जाण्यासाठी मुख्यतः ग्लुट-2 हा वाहक उपयोगी पडतो. सोडियम व ग्लुकोज जोडीने शोषले जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग येथील परिसंवादात मांडली. वाहकाच्या जनुकाचे क्लोनिंग अर्नेस्ट राइट यांच्या गटाने 1987 मध्ये केले. मिठासाखरेच्या पाण्याने जुलाबातील जलक्षय भरून निघतो तो याच जोड-शोषणामुळे. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगाव (प. बंगाल) येथील निर्वासितांवर या उपचाराचा मोठ्या प्रमाणावर वापर केला.

जेवणानंतर आतड्यात ग्लुकोजचे प्रमाण फार वाढते तेव्हा एसजीएलटी-1 पुरा पडतो का, यावर दीर्घकाळ वाद झाला. जॉर्ज केलेट व इतरांनी उंदरांच्या जातीतील प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे सुचविले की, अशा वेळी ग्लुट-2 काही मिनिटांत पेशीच्या वरच्या (आतड्याच्या पोकळीकडील) पृष्ठभागावर आणला जातो व शोषणाचा मोठा भाग तोच उचलतो. हे खरे असल्यास शर्करेच्या आवकेनुसार आतडे आपली क्षमता तत्काळ वाढविते असे म्हणता येईल. मात्र एसजीएलटी-1 नसलेल्या उंदरांत ग्लुकोजचे शोषण जवळजवळ थांबते, असे 2012 मध्ये दाखविण्यात आले. मानवातही या वाहकाच्या जन्मजात दोषात अर्भकास तीव्र जुलाब होतात. उलट ग्लुट-2 च्या दोषात (फॅन्कोनी-बिकेल लक्षणसमूह) ग्लुकोजशोषणाची तशी ठळक तक्रार आढळत नाही. त्यामुळे केलेट यांचे मत मानवाला कितपत लागू पडते हे संशयास्पद आहे. निरोगी आतडे ग्लुकोज सहसा नाकारीत नाही. जठरातून अन्न किती वेगाने खाली उतरते यावर शोषणाचा वेग अधिक अवलंबून असतो.

इन्क्रेटिने : शर्करा आल्याची वर्दी आतडे हॉर्मोनांद्वारे स्वादुपिंडास देते व त्यामुळे इन्शुलिन अधिक स्रवते; या हॉर्मोनांना इन्क्रेटिने म्हणतात. या कल्पनेचे मूळ सामान्यतः 1902 मधील बेलिस व स्टार्लिंग यांच्या सिक्रेटिनाच्या (स्वादुपिंडास चेतविणाऱ्या आतड्यातील हॉर्मोनाच्या) शोधात मानतात. 1906 मध्ये लिव्हरपूल येथे मूर व सहकाऱ्यांनी ग्रहणीच्या अस्तराचा अर्क मधुमेही रुग्णांना देऊन पाहिला होता, त्यामुळे प्रत्यक्ष उपचाराचा पहिला प्रयत्न म्हणून तोच धरणे योग्य ठरेल. ‘इन्क्रेटिन’ हे नाव बेल्जियन शास्त्रज्ञ ला बार यांनी 1930 च्या आसपास रूढ केले. 1940 मध्ये आयव्ही व सहकाऱ्यांनी असे हॉर्मोन असण्याबद्दलच शंका घेतली आणि विषय सुमारे दोन दशके मागे पडला. रक्तातील इन्शुलिन अचूक मोजण्याची यॅलो व बर्सन यांची पद्धत हाती आल्यावर 1964 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की, नीलेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजमुळे इन्शुलिन अधिक स्रवते. निरोगी व्यक्तीत जेवणोत्तर इन्शुलिनाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा या परिणामाचा असतो. प्रकार-2 मधुमेहात तो बराच घटतो.

आज दोन इन्क्रेटिने निश्चित मानली जातात. जीआयपी हे आतड्याच्या वरच्या भागातील के-पेशींतून स्रवते. जॉन ब्राउन यांनी ते 1970 च्या सुमारास वेगळे केले, तेव्हा त्याचे कार्य जठररसाचे दमन हे समजले जात होते. जीएलपी-1 हे एल-पेशींतून स्रवते. या पेशी शेषांत्र व मोठे आतडे येथे अधिक असतात; तरीही जेवणानंतर काही मिनिटांतच रक्तातील जीएलपी-1 वाढते. याचे स्पष्टीकरण काहीजण चेतामार्गाने (मज्जातंतूंद्वारे) देतात, पण वरच्या भागातही थोड्या एल-पेशी असतात व त्यांच्याशी शर्करेचा थेट संपर्क येतो हे कारण पुरेसे वाटते. जीएलपी-1 च्या शोधाचे श्रेयही वादग्रस्त ठरले. 1987 च्या सुमारास बॉस्टन, कोपनहेगन व लंडन येथे समांतर काम झाले. त्यांतील स्वेतलाना मोइसोव्ह यांच्या वाट्याची दखल दीर्घकाळ अपुरी राहिली. 2024 च्या लास्कर (वैद्यकीय संशोधनासाठीच्या अमेरिकन) पुरस्कारात जोएल हॅबेनर व लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्यासह त्यांचाही समावेश झाला.

नैसर्गिक जीएलपी-1 हे डीपीपी-4 या एंझाइमामुळे रक्तात सुमारे दोन मिनिटांत निम्मे होते. म्हणून एक तर हे एंझाइम रोखणारी औषधे (सिटाग्लिप्टिन, 2006) किंवा दीर्घकाळ टिकणारी सदृश संयुगे वापरतात. त्यांपैकी पहिले, एक्झेनेटाइड (2005), हे गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील पेप्टाइडावर आधारलेले आहे.

वजन : शोषण अडविल्याने वजन उतरेल ही अपेक्षा अनुभवास फारशी उतरलेली नाही. भारतात रूढ असलेली ॲकार्बोज व व्होग्लिबोज ही औषधे स्टार्च व साखरेचे विघटन लांबवितात, त्यामुळे जेवणोत्तर रक्तशर्करा मंद चढते. पण न पचलेली कर्बोदके मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवितात व त्यातून बनलेली लघुशृंखल वसाम्ले शरीरास ऊर्जा म्हणून मिळतात. गॅसची तक्रारही त्यातूनच उद्भवते. भुकेवर होणारा परिणाम अधिक प्रभावी ठरतो. अन्नघटक शेषांत्रापर्यंत पोहोचले की जीएलपी-1 व पीवायवाय ही हॉर्मोने जठराचे रिकामे होणे मंदावतात आणि तृप्ती वाढवितात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड या जीएलपी-1 सदृश औषधाने 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्के घटले. जठर-बायपास शस्त्रक्रियेनंतर (हिच्यात अन्न ग्रहणी टाळून थेट पुढील आतड्यात जाते) हीच हॉर्मोने जेवणोत्तर खूप वाढतात व मधुमेह वजन उतरण्यापूर्वीच सुधारू लागतो. या सुधारणेत ग्रहणी वगळल्याचा भाग किती आणि अन्न खालच्या आतड्यात लवकर पोहोचल्याचा किती, यावर मतभेद असून पुरावा दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. आतड्यातील जीवाणूंच्या दोन मोठ्या गटांच्या गुणोत्तरावरून स्थूलता ओळखता येते हा 2006 च्या सुमाराचा दावा नंतरच्या मानवी अभ्यासांत सातत्याने टिकलेला नाही.