उद्याचा पाऊस चुकतो, मग 2100 चं काय सांगता?

नागपुरात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दर उन्हाळ्यात हे कानावर येतंच: "यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही, अन् निघाले 2100 सालचं सांगायला!" टोमणा झकास, पण यात दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत आहे. 12 मेला किती वाजता वादळ येईल हे सांगणं अवघड. मे डिसेंबरपेक्षा तापेल हे मात्र माळ्यावरून कूलर काढणाराही सांगतो.

पृथ्वी-प्रणाली मॉडेल हा दुसरा प्रश्न सोडवतं. हवा, समुद्र, बर्फ, जंगलं यांच्यातली ऊर्जेची अन् कार्बनची देवाणघेवाण समीकरणांत मांडायची. मग ती पृथ्वी संगणकावर दोनदा चालवायची: माणसाच्या धुरासकट अन् त्याविना. धुराविना गेल्या पन्नास वर्षांतली तापमानवाढ उमटतच नाही.

"सूर्यच तापला असेल" म्हणाल, तर स्थितांबर, म्हणजे हवेचा वरचा थरही तापायला हवा होता. तो थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच होईल, हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांच्या मॉडेलने 1967 मध्येच दाखवलं होतं. त्यांना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल उगाच नाही मिळालं.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेकडेही असं मॉडेल आहे. त्याला गल्लीतला पाऊस तेवढा विचारू नका. अशी मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात, अन् ते चौकोन साधारण शंभर-दोनशे किलोमीटरचे असतात. अख्खं नागपूर त्यात एक ठिपका.