सीआय पाइपलाइनमधील डिप्लॉयमेंट एन्व्हायर्नमेंट

सीआय पाइपलाइन म्हणजे कोडमधला बदल आपोआप तपासून पुढे नेणारी पायऱ्यांची साखळी. तिच्यातून तयार झालेले सॉफ्टवेअर ज्या जागी चढवायचे ती जागा, तिची सेटिंग्ज व पासवर्ड आणि तिथे कोणी, कधी चढवायचे याचे नियम, या सगळ्यांना मिळून डिप्लॉयमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. डेव्ह (जिथे कोड लिहितात), स्टेजिंग (प्रॉडक्शनसारखी चाचणीची जागा) आणि प्रॉडक्शन (खरे वापरणारे जिथे असतात) ही नेहमीची तीन. लहान टीमने डेव्ह स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवले तरी चालते. स्टेजिंगला मात्र फाटा देऊ नये.

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत, त्यामुळे उदाहरण तिथलेच घेऊ. समजा, शहरातली एखादी छोटी कंपनी करवीर तालुक्यातल्या संस्थांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर बनवते. काट्यावरून दुधाचे माप, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकावरून रक्कम, आणि लगेच उत्पादकाच्या मोबाइलवर मेसेज. स्टेजिंगमध्ये मेसेज पाठवणाऱ्या सेवेची खरी की (सेवा वापरण्याचा गुप्त कोड) राहिली, तर चाचणीसाठी टाकलेले ‘२ लिटर, फॅट ३.०’ खऱ्या सभासदाच्या फोनवर जाते. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट धरणारा माणूस मग काय गप्प बसतो? सकाळी सचिवांच्या टेबलापुढे गर्दी ठरलेली.

म्हणून सेटिंग्ज प्रत्येक एन्व्हायर्नमेंटची वेगळी ठेवायची, पण बिल्ड, म्हणजे कोडपासून चालवता येईल असे सॉफ्टवेअर, एकदाच करायचा आणि तोच पुढे न्यायचा. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी नव्याने बिल्ड केला, तर स्टेजिंगला तपासले एक आणि प्रॉडक्शनला चढले दुसरेच, असे होऊ शकते. बदलायचे ते फक्त डेटाबेसचा पत्ता, बाहेरच्या सेवांच्या की, लॉगची पातळी (सॉफ्टवेअरने आपल्या कामाची नोंद किती बारकाईने ठेवायची) एवढेच. सेटिंग्ज कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सॉफ्टवेअर सुरू होताना त्याला बाहेरून दिलेल्या किमतींमध्ये) ठेवण्याचा हा आग्रह हेरोकू या क्लाउड सेवेच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नियमावलीमुळे रुळला. दुधाचे दरपत्रक मात्र यात कोंबू नये. दर बदलतात म्हणून ते सेटिंग वाटते, पण तो डेटा आहे आणि त्याची जागा डेटाबेसमध्ये.

गिटहब ॲक्शन्स आणि गिटलॅब या पाइपलाइन चालवणाऱ्या दोन्ही सेवांत वायएएमएल फाइलीत (पाइपलाइनची पायरी-पायरी मांडणी लिहायची साधी मजकुराची फाइल) जॉबखाली, म्हणजे पाइपलाइनमधल्या एका कामाखाली, एन्व्हायर्नमेंटचे नाव लिहिले की जॉब त्याला बांधला जातो. गिटहबवर त्या नावाला मंजुरीची अट लावता येते. मंजुरी देणारे म्हणून जास्तीत जास्त ६ व्यक्ती किंवा टीम नेमता येतात आणि त्यांपैकी एकाचा होकार पुरतो. होकार मिळेपर्यंत जॉब सुरू होत नाही, आणि त्या एन्व्हायर्नमेंटची सीक्रेट्सही (जपून ठेवलेले पासवर्ड आणि की) त्याच्या हाती पडत नाहीत. खरे संरक्षण इथेच आहे: प्रॉडक्शनचा पासवर्ड रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या सगळ्या कोडच्या साठ्याच्या) पातळीवर ठेवला, तर मंजुरीचे बटण नुसते शोभेचे, कारण दुसरा कोणताही जॉब तो वाचू शकतो. प्रॉडक्शनला फक्त मेन ब्रँचवरूनच (कोडच्या मुख्य शाखेवरूनच) जाता येईल, अशी अटही लावून ठेवावी. गिटलॅबमध्ये असेच काम प्रोटेक्टेड एन्व्हायर्नमेंट करते, पण ती सोय पैसे भरून घ्यावी लागते.

दोन डिप्लॉय एकाच वेळी एकाच सर्व्हरवर आदळू नयेत म्हणून एका वेळी एकच जॉब चालू देणारे गट, म्हणजे गिटहबवर कॉन्करन्सी गट आणि गिटलॅबवर रिसोर्स ग्रुप, वापरतात.

मागे फिरणे वाटते तितके सोपे नसते. जुना बिल्ड मिनिटांत परत चढतो, पण नव्या आवृत्तीने डेटाबेसमधला कॉलम काढून टाकला असेल, तर जुना कोड लगेच कोसळतो. म्हणून आधी नवा कॉलम वाढवायचा, काही काळ दोन्ही चालवायचे आणि जुना नंतरच्या एखाद्या आवृत्तीत काढायचा. दूध बिलाच्या दिवशी प्रॉडक्शनची मंजुरी कोणीच देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.