गिटार पिकअपची अदलाबदल

इलेक्ट्रिक गिटारमधील गळ्याकडचा व ब्रिजकडचा (जिथे तारा खोडावर टेकतात तिकडचा) पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारी चुंबक-कॉइल, एकमेकांच्या जागी बसवून आवाजाचा पोत सुधारण्याची पद्धत. नवा पिकअप घेण्याआधी हा बिनखर्ची उपाय करून पाहावाच.

तार गळ्याजवळ मोठ्या झोक्याने हलते, ब्रिजजवळ थोडीच. त्यामुळे गळ्याकडे मूळ स्वर भरीव येतो, ब्रिजकडे वरचे हार्मोनिक (उपस्वर) पुढे येतात. ही तफावत भरून काढण्यासाठी ब्रिजच्या पिकअपच्या कॉइलला बहुधा जास्त वेढे देतात. जुन्या धाटणीच्या हंबकर (घरघर कापणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअप) जोडीत रोध गळ्याकडे साधारण ७ ते ७.५ आणि ब्रिजकडे ८ ते ८.५ किलोओहम भरतो. कॉइलची तार बारीक असेल तर वेढे न वाढताही रोध वाढतो. म्हणून तुलना एकाच जाडीच्या तारेपुरतीच खरी.

जोरकस सिरॅमिक चुंबकाचा पिकअप गळ्याकडे नेल्यास खर्ज फुगतो आणि ओव्हरड्राइव्हमध्ये (मुद्दाम फाटका केलेल्या आवाजात) कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात. कमी वेढ्यांचा पिकअप ब्रिजकडे गेला की आवाज लहान होतो, पण मोकळाही होतो. स्वच्छ ऱ्हिदमसाठी तो उत्तम.

अडचणी बहुतेक मापांच्या असतात. हंबकरमध्ये तारांखालच्या पहिल्या व शेवटच्या खिळ्यामधले अंतर गळ्याकडे ४९–५०, ब्रिजकडे ५०–५३ मिलिमीटर असू शकते. ब्रिजच्या पिकअपची वायर आखूड असल्यास गळ्यापासून कंट्रोलपर्यंत पोचत नाही. पिकअपभोवतीच्या रिंगा मात्र जागच्या जागी ठेवाव्यात, कारण ब्रिजची रिंग उंच असते. टेलिकास्टर या गिटारमध्ये दोन्ही पिकअपचे आकारच वेगळे, तिथे अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही. तीन पिकअपच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मधला पिकअप अनेकदा उलट वेढ्यांचा व उलट ध्रुवांचा असतो, म्हणून शेजारच्या पिकअपबरोबर वाजताना घरघर कटते. तो ब्रिजकडे हलवला तर गळा–मधला या जोडीत घरघर परत येते.

मराठवाड्यात घरघरीचा हा मुद्दा महत्त्वाचा. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात मंडपातला जनरेटर, डिमर आणि लायटिंगच्या केबल्स यांच्यालगतच वाजवावे लागते. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर शील्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) तपासावे. तशीच राहिली तर कॉइलच चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. तेव्हा गिटारचा रोख बदलावा किंवा हंबकर वापरावा.

वायरी सोडवण्याआधी फोटो काढावा, मग ३०–४० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने काम करावे. एकाच गिटारमधल्या अदलाबदलीत गरम (संकेत नेणारी) व ग्राउंड वायर जशाच्या तशा जोडल्या तर फेज, म्हणजे दोन पिकअपच्या संकेतांचा मेळ, बिघडत नाही. दुसऱ्या कंपनीचा पिकअप घातल्यावर मात्र दोन्ही एकत्र वाजवताना आवाज नाकात आल्यासारखा, पातळ झाला तर एकाच्या दोन्ही वायरी उलट कराव्यात. पत्र्याचे आवरण ग्राउंड वायरलाच जोडलेले असेल तर आधी ते वेगळे करावे, नाहीतर आवरण गरम बाजूला जाऊन घरघरते.

शेवटच्या पडद्यावर तार दाबून खिळ्यापर्यंतचे अंतर ब्रिजकडे सुमारे २, गळ्याकडे २.५ ते ३ मिलिमीटर ठेवावे. दांडी-चुंबकाचा सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) फार जवळ आला तर जाड तार वरच्या पडद्यांवर बेसूर, लहरती वाजते.

तुटलेली कॉइल मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात सहसा होत नाही: पंपाची तार फार जाड, पिकअपची ४२ गेज म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर.